हातउसने दिलेल्या पैशांची ३ वर्षं नक्की कधीपासून मोजायची?

रानपाखरू:
आईने तिच्या चुलतभावाला, म्हणजे माझ्या मामांना, अडचणीत पैसे दिले होते. चेकने दिलेत त्यामुळे पासबुकात एंट्री आहे पण लिहून काहीच घेतलं नाही आणि परत कधी द्यायचे तेही ठरलं नव्हतं. ३ वर्षं व्हायला आता जेमतेम दीड महिना राहिलाय. मामा नाही म्हणत नाहीत, फोन केला की "देतो गं ताई, जरा थांब" एवढंच. एक जण म्हणतो ३ वर्षांनी कोर्टात जाता येत नाही, दुसरा म्हणतो शेवटचं मागितलं तिथून ३ वर्षं. वकिलाची नोटीस पाठवली तर मुदत वाढते का? आईला नातं तोडायचं नाहीये पण तिची सगळी पुंजी तीच आहे हो.

कोर्टाची पायरी:
मागितल्यापासून नाही! १९६३ च्या मुदत कायद्यात पैसे दिले त्या तारखेपासून ३ वर्षं धरतात, "मागशील तेव्हा देईन" असं बोलणं झालं असलं तरी. तुमच्या केसमध्ये चेक दिलाय तर तो वटला ती तारीख धरायची, पासबुक आजच बघा. नोटिशीने, फोनने, आठवण करून दिल्याने मुदत एक दिवससुद्धा वाढत नाही, आणि लोक इथेच फसतात, नोटीस पाठवली की निवांत बसतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

वाढते ती कलम १८ ने. मुदत संपायच्या आत मामांनी "अमुक रक्कम ताईचं देणं आहे" असं लिहून तारीख टाकून सही केली की त्या सहीपासून नवीन ३ वर्षं. किंवा थोडे पैसे परत दिले तर कलम १९, पण तेही मुदतीतच आणि त्यांच्या सहीचा काहीतरी लेखी पुरावा हवा, म्हणून चेकनेच घ्या. सही देत नसतील तर मुदतीत दावा लावा. दाव्याला उशीर माफ होत नाही, ती सोय अपील आणि अर्जांना आहे. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतं, पण तिथपर्यंत ताणूच नका.

साधा माणूस:
आणि मुदत गेली म्हणजे कर्ज फिटलं असं नाही हं, फक्त कोर्टातून वसुली होत नाही. माझ्या भावाला जुन्या पर्सनल लोनसाठी वसुलीवाले फोन करायचे, "एका कागदावर सही करा, व्याज माफ करतो" म्हणायचे. तो कागद नीट वाचायला हवा, कारण मुदतबाह्य कर्जसुद्धा फेडीन असं लिहून सही दिली की करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे त्यावर नव्याने दावा लागतो. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, धमकी तर अजिबात नाही.

रानपाखरू:
खूप आभार. पासबुक बघितलं, चेक दोन दिवस उशिरा वटलाय. रविवारी आईला घेऊन मामांकडे जातेय, मजकूर लिहूनच नेते. मुदत संपल्यावर सही मिळाली तर चालेल का?

कोर्टाची पायरी:
नुसती कबुली तेव्हा उपयोगाची नाही, "फेडीन" असं स्पष्ट वचन लागेल. त्यामुळे रविवार चुकवू नका, आणि मामांनी टाळलं तर सोमवारी वकील गाठा.