स्वामीजी मुख्यमंत्री का नाही झाले?

लातूरवाला
भाचीचं सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, शाळेत स्वामी रामानंद तीर्थांवर भाषण आहे, लिहून द्यायचं काम मामाच्या गळ्यात. निजामाविरुद्ध लढलेली हैदराबाद स्टेट काँग्रेस, निजामाचं जेल, सगळं लिहून दिलं तर ही पोरगी विचारतीय "मामा मग ते मुख्यमंत्री कधी झाले?" शोधलं तर साधे मंत्री पण नव्हते. असं कसं काय? उद्यापासून पाठ करायचंय तिला.

अंबाजोगाईकर
संन्यासी माणूस हो, त्याला कशाला खुर्ची. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३, सिंदगीचा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत हेडमास्तर होते, मग आमच्या अंबाजोगाईला आले. १५ ऑगस्ट ४७ ला तिकडं देशभर झेंडे लागत होते आन इकडं हे अटकेत. हे टाका भाषणात, टाळ्या पडतील.

जुना परभणीकर
संन्यासी होते हे अर्धंच कारण झालं. स्टेट काँग्रेसात सरळसरळ दोन गट होते, निजामाशी बोलून मिटवू म्हणणारे मवाळ एकीकडं आन स्वामीजी, गोविंदभाई श्रॉफ ही लढणारी मंडळी एकीकडं, आन ते भांडण पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे ४८ ला भारताच्या सैन्यानं निजामाचं राज्य घेतल्यावर पण मिटलं नाही. ५२ च्या इलेक्शननंतर हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्ण राव, स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. आता खरी गंमत इथंय, हैदराबाद राज्यच ठेवू नका, भाषेप्रमाणं वाटून टाका, हे म्हणणारे स्वामीजीच! ज्याचं मुख्यमंत्री व्हायचं तेच राज्य मोडायला निघालेला माणूस, सांगा. १९५६ ला मोडलंच, आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, तेलंगणा आंध्रात, गुलबर्गा-बीदर-रायचूर म्हैसूरकडं. नुसता त्याग त्याग म्हणून हार घातला की हे राजकारण झाकून जातं बघा.

नांदेडची मी
परभणीकर बरोबर बोलले. ५७ ला परत खासदार झाले ते औरंगाबादहून, तेव्हा राजकारण सोडून बसले होते असं पण नाही. आन त्यांच्या हाताखाली तयार झालेले नरसिंह राव पुढं पंतप्रधान झाले, हे आमच्याकडं लई जणांना माहीतच नसतं. आमच्या चौकातला स्वामीजींचा पुतळा तर सोळा तारखेला रात्री टँकर लावून धुतात, वर्षभर कबुतरं.

लातूरवाला
सगळं घातलं, राज्य मोडायचं पण. फक्त बुर्गुल काढावं लागलं, पोरगी दर वेळी "गुरगुल" म्हणतीय आन स्वतःच हसत सुटतीय.