स्वतःच्या गिटलॅबवर ग्राहकांचे मेल थेट घ्यावेत का?

विश्रामबाग
सांगलीत आमची छोटी कंपनी आहे. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना आणि अडत दुकानांना हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. गिटलॅब, म्हणजे कोड ठेवायची आणि कामांच्या नोंदी (इश्यू) करायची व्यवस्था, ऑफिसातल्याच सर्व्हरवर आहे. तक्रारी येतात व्हॉट्सॲपवर, सपोर्टची पोरं त्या कॉपी करून इश्यूत चिकटवतात आणि निम्म्या चिकटवायच्या राहून जातात. माझं म्हणणं, गिटलॅबची मेल आत घ्यायची सोय (इनकमिंग ईमेल) चालू करून टाकावी. सर्व्हिस डेस्क, म्हणजे मेलवरून ग्राहकांच्या तक्रारी घ्यायची सोय, २०२० पासून फुकट आवृत्तीतही आहे. ग्राहकाचा मेल आला की इश्यू तयार, आपण तिथे उत्तर लिहिलं की त्याला मेलने जातं, त्याला गिटलॅबचं खातंही लागत नाही. भागीदार म्हणतात, नसती डोकेदुखी. मतं सांगा, भांडलात तरी चालेल.

हळदपेठ
तासगावचा अडत्या मेल लिहील? सौदे चालू असताना? काय राव! पट्टी छापून निघाली नाही की तो स्क्रीनचा फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर टाकतो आणि लगेच फोन करतो, "पाठवलंय, बघा की ओ." त्याला मेलचा पत्ता दिलात तर तो पत्ताही व्हॉट्सॲपवरच मागेल. तुमचे भागीदार बरोबर आहेत.

विश्रामबाग
अडत्या नाहीच लिहिणार, त्याचा दिवाणजी लिहील. जीएसटीचे कागद सीएला मेलनेच पाठवतो ना तो? आणि मेलला जोडलेला फोटोही इश्यूत येतो.

कुपवाड एमआयडीसी
ग्राहकाचं सोडा, मेल सर्व्हर सांभाळणार कोण? स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या, मेल आत येण्याचं पोर्ट २५ उघडा, डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी एमएक्स नोंद लावा, वर स्पॅमशी झटापट. चार माणसांच्या ऑफिसात हे उद्योग कशाला?

टर्मिनलवाली
गल्लत होतेय. गिटलॅब मेलची वाट बघत दार उघडं ठेवून बसत नाही, स्वतः आणायला जातं. त्यात मेलरूम नावाचा प्रोग्राम असतो. तो आयमॅपने (मेलबॉक्समधले मेल वाचायची पद्धत), ९९३ पोर्टवरून, तुम्ही सांगाल त्या मेलबॉक्सला जोडून राहतो आणि नवं काही पडलं की उचलतो. मेलबॉक्स जीमेलचा असला तरी चालतो. राउटरवर बाहेरून आत एकही पोर्ट उघडायचं नाही, स्टॅटिक आयपीही नको. गिटलॅब.आरबी या सेटिंगच्या फाइलीत पत्ता, युजर, पासवर्ड, होस्ट, पोर्ट भरा, बदल लागू करायला रीकॉन्फिगर मारा, गिटलॅबची तपासणीची कमांड (रेक) चालवून बघा.

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड मात्र चालणार नाही, गूगलने ती वाट २०२२ मध्ये बंद केली. टू-स्टेप चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढा. मायक्रोसॉफ्टचा मेल असेल तर आयमॅपच्या नादी न लागता ग्राफ एपीआयचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जोडणीचा, पर्याय घ्या. आणि जाणाऱ्या मेलचं एसएमटीपी (मेल पाठवायची व्यवस्था) वेगळं लावावं लागतं. नाहीतर तक्रार आत येईल, उत्तर ऑफिसातच राहील.

सर्व्हर सांगलीत आहे म्हणून तर मेलबॉक्स बाहेर हवा. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. वीज नाही, मशीन बंद. मेल सर्व्हरही त्याच खोलीत असेल तर पाठवणारा थोडे दिवस प्रयत्न करतो आणि सोडून देतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची मूळ मुदत पाच दिवस, मग मेल परत. मेलबॉक्स बाहेर असला तर मेल तिथेच पडून राहतात आणि मशीन वर आलं की उचलले जातात.

कुपवाड एमआयडीसी
पुराचा मुद्दा मान्य, बाकीचा नाही. जीमेलवरच टाकायचं तर स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब ठेवण्याचा आग्रह कशाला? ग्राहकाच्या खातेवहीचे फोटो पुन्हा परक्याच्याच घरात.

टर्मिनलवाली
व्हॉट्सॲपवर ते आपल्या घरात असतात का?

मिरज जंक्शन
पत्त्याचं कुणीच बोलत नाहीये. नुसता साधा पत्ता दिलात तर फक्त सूचनेच्या मेलला दिलेली उत्तरं इश्यूत येतात. सर्व्हिस डेस्क आणि मेलवरून नवा इश्यू, दोन्ही नाहीत. त्यासाठी अधिक चिन्हापुढे ओळखीची अक्षरं (key) जोडलेला पत्ता लागतो, जो जीमेलला चालतो, नाहीतर कॅच-ऑल, म्हणजे डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्याचा मेल घेणारा मेलबॉक्स. कॅच-ऑल असेल तर कंपनीच्या मुख्य डोमेनवर अजिबात नको, वेगळं सबडोमेन घ्या. २०१७ मध्ये एका बेल्जियन संशोधकाने हेच दाखवलं होतं. तक्रारीसाठीचा पत्ता कंपनीच्या डोमेनवरचा, म्हणून त्याच पत्त्याने कंपनीच्या स्लॅकवर (ऑफिसातल्या चॅटवर) नोंदणी करायची. खातरजमेचा मेल इश्यू होऊन समोर येतो, लिंक दाबली की बाहेरचा माणूस आत.

शिवाय नवा इश्यू टाकायचा जो खासगी पत्ता प्रत्येकाला मिळतो, तो कुठे चिकटवू नका. ज्याच्या हाती तो पत्ता, तो तुमच्या नावाने इश्यू टाकेल. माझं मत विरोधातच. हे सगळं ध्यानात ठेवणारा माणूस सोडून गेला की तुमचं काय?

विश्रामबाग
माणूस गेला की व्हॉट्सॲपचा ग्रुपही त्याच्या फोनबरोबर जातो. सबडोमेन घेतो, हे पटलं.

वाळवा
आमच्याकडे गिटी आहे, गिटलॅबसारखंच पण हलकं पडतं. आवृत्ती १.१९ पासून तेही मेल उचलतं, पण सूचनेला उत्तर देणं आणि सूचना बंद करणं, इतकंच. तुमच्या कामाचं नाही.

टर्मिनलवाली
एक राहिलं. तो मेलबॉक्स कुणाच्याही फोनवर लावू नका. मेलरूम मुळात न वाचलेलेच मेल शोधतं. सपोर्टच्या एखाद्याने कौतुकाने मेल उघडून बघितला की तो वाचलेला ठरतो आणि इश्यू बनतच नाही. ग्राहक म्हणतो पाठवला, तुम्ही म्हणता आला नाही, आणि दोघंही खरं बोलत असता.

हळदपेठ
हे भांडण आम्हाला फोनवर फुकट मिळतं. ते असो. दिवाणजीने मेल टाकला आणि मालकाने तीच तक्रार फोनवर सांगितली, तर इश्यू दोन होणार. ते जोडत कोण बसणार, तुमची तीच पोरं ना?