स्लायडिंग मोड कंट्रोल: ठरलेल्या कोनाजवळ मोटर थरथरते

प्रश्न: डीसी मोटरचा शाफ्ट ठरावीक कोनावर थांबवायचा आहे. स्लायडिंग मोड कंट्रोल वापरतोय: एसचं चिन्ह बघून मोटरला उलटसुलट जोर द्यायचा, म्हणजे एस शून्यावर (पृष्ठभागावर) राहतो. पृष्ठभाग एस = त्रुटीचा (हव्या आणि प्रत्यक्ष कोनातल्या फरकाचा) दर + लॅम्डा (निवडलेला स्थिरांक) × त्रुटी, सॅम्पलिंग (मोजमापांमधलं अंतर) १ मिलिसेकंद. सिम्युलेशन स्वच्छ, प्रत्यक्षात गिअर खडखडतात. गेन (दिलेल्या जोराचं माप) कमी करू का?

उत्तर १: नको. गेन कमाल अडथळ्यापेक्षा जास्तच हवा, नाहीतर भार बदलताच पृष्ठभाग सुटेल. सिग्नमऐवजी (फक्त चिन्ह बघून पूर्ण जोर) सॅच्युरेशन (शून्याजवळ जोर हळूहळू बदलणारं) घाला. सीमापट्टी (शून्याभोवतीचा हा हळूहळू बदलाचा पट्टा) दुप्पट केलीत तर स्थिर भाराखाली उरणारी त्रुटीही दुप्पट होते, एवढं लक्षात ठेवा.

उत्तर २: त्याआधी एन्कोडर (शाफ्टचा कोन मोजणारा सेन्सर) बघा! एका फेरीला ४०९६ काउंट (पायऱ्या) असतील तर १ मिलिसेकंदात एक काउंट म्हणजे सेकंदाला सुमारे १.५ रेडियनचा खोटा वेग. तेवढ्यानेच एसचं चिन्ह उलटतं. सीमापट्टी त्याहून रुंद ठेवा. फिल्टर लावलात तर हलकाच. त्याच्या उशिरानेही थरथर वाढते.