१,६७८ बेकायदा मतं आणि १२९ची आघाडी: वॉशिंग्टनची २००४ची निवडणूक रद्द व्हायला हवी होती का?

दुर्गभ्रमर

निवडणूक थोडक्या मतांनी गेली की हरलेल्या बाजूची पहिली मागणी असते, फेरनिवडणूक घ्या. मागणी समजण्यासारखी आहे, पण न्यायालयाने ती कधी मान्य करावी? याबाबतचं माझं मत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीने पक्कं झालं. (तिकडचा गव्हर्नर लोक थेट निवडतात आणि राज्याचा कारभार तोच हाकतो.)

२ नोव्हेंबर २००४ला मतदान झालं. एकीकडे डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस्टीन ग्रेग्वार, बारा वर्षं राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, राहिलेल्या. समोर रिपब्लिकन डिनो रॉसी. सुमारे २८ लाख मतं पडली आणि पहिल्या मोजणीत रॉसी २६१ मतांनी पुढे राहिले. फरक २,०००च्या आत असल्यामुळे कायद्याप्रमाणे यंत्रांवर पुन्हा मोजणी झाली. आता रॉसींची आघाडी ४२ वर आली. मग डेमोक्रॅटिक पक्षाने ७,३०,००० डॉलर भरून हाताने मोजणी करून घेतली आणि निकाल उलटला. ग्रेग्वार १३,७३,३६१, रॉसी १३,७३,२३२. फरक १२९. त्या निकालावर सही केली ती सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणुकांचे मुख्य अधिकारी, सॅम रीड यांनी, आणि ते स्वतः रिपब्लिकन होते. आपल्याच पक्षाची माणसं दात-ओठ खात असताना या माणसाने मोजणीत आलेला आकडा जाहीर केला. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

१२ जानेवारी २००५ला ग्रेग्वार यांनी शपथ घेतली. त्याआधीच रॉसींच्या बाजूने निवडणुकीला आव्हान देणारा दावा दाखल झाला होता. तोही सिॲटलमध्ये नाही, तर डोंगरापलीकडच्या शेलान काउंटीत, वेनाची गावच्या न्यायालयात. (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग.) तो भाग रिपब्लिकन वळणाचा, न्यायालय दावेदारांनीच निवडलेलं. मे महिन्याच्या अखेरीस सुनावणी झाली आणि ६ जूनला न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी निकाल दिला. १,६७८ बेकायदा मतं पडली हे त्यांनी मान्य केलं आणि तरीही निवडणूक कायम ठेवली. कारण ती मतं कुणाला गेली याचा पुरावा नव्हता.

माझ्या मते हा निकाल बरोबर होता. २८ लाख लोकांचं मतदान पुसून टाकायचं तर ‘गोंधळ झाला’ एवढं पुरत नाही, त्या गोंधळाने निकाल फिरला हे दाखवावं लागतं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

चिकित्सक

मला अजिबात पटत नाही.

मतदान गुप्त आहे. पेटीत पडलेलं मत कुणाचं हे कुणालाच कळू नये अशी व्यवस्था आपणच केली. आणि मग हरलेल्या उमेदवाराला सांगायचं की ती १,६७८ मतं कुणाला पडली ते सिद्ध कर? जे सिद्ध करणं कायद्यानेच अशक्य करून ठेवलंय ते मागायचं, याला मी न्याय म्हणत नाही.

फरकाच्या तेरापट बेकायदा मतं आहेत. म्हणजे कोण जिंकलं ते कुणालाच ठाऊक नाही, ग्रेग्वारनाही नाही आणि न्यायाधीशांनाही नाही. रॉसींनी डिसेंबरमध्येच ग्रेग्वार यांना पत्र लिहून नव्याने मतदान घेऊ म्हटलं होतं. त्यात वावगं काय होतं? चार वर्षं राज्य चालवायचंय, तीन महिने उशीर झाला असता तर आभाळ कोसळणार नव्हतं.

वकीलबुवा

चिकित्सक, तुमचा आक्षेप जुना आहे आणि वजनदारही आहे. पण आपल्याकडचा कायदाही जवळपास हेच सांगतो, म्हणून थोडं लिहितो.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम १००मध्ये निवडणूक रद्द करण्याची कारणं दिली आहेत. चुकीने मतं स्वीकारली किंवा नाकारली, नियम मोडले, अशी कारणं असतील तर तेवढ्यावर भागत नाही. त्यामुळे विजयी उमेदवाराच्या निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे दाखवावं लागतं. १९५४मध्ये वशिष्ठ नारायण शर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका असा पेच होता. एका उमेदवाराचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला आणि त्याला पडलेली मतं जय-पराजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. तो रिंगणात नसता तर ती मतं कुठे गेली असती? न्यायालय म्हणालं, अंदाजावर निवडणूक रद्द करता येणार नाही. सिद्ध करणं अवघड असेल, अशक्यही असेल, तरी ओझं याचिकाकर्त्याचंच.

मुंबई वायव्यचं ताजं उदाहरण आहेच. २०२४च्या लोकसभेला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अमोल कीर्तिकर ३३३ टेंडर मतांचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेले. (आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं असलं तर जी कागदी मतपत्रिका मिळते, ते टेंडर मत.) तिथेही ३३३ हे ४८पेक्षा कितीतरी जास्त. पण त्याने निकाल कसा बदलला हे याचिकेत नीट मांडलेलं नाही म्हणून याचिका फेटाळली गेली.

चिकित्सक

बुवा, दोन देशांत तोच नियम आहे एवढ्याने तो बरोबर ठरत नाही. मुंबईच्या निकालाने तर माझी अस्वस्थता वाढलीच आहे.

रेडमंडकर

त्या वेळी इथेच, वॉशिंग्टन राज्यात होतो, म्हणून किंग काउंटीबद्दल लिहितो. बाहेरून पाहणाऱ्यांना फक्त आकडे दिसतात. मला राग आहे तो निवडणूक कार्यालयाच्या ढिसाळपणाचा.

किंग काउंटी म्हणजे सिॲटल आणि आजूबाजूचा पट्टा, राज्यातली सगळ्यात मोठी काउंटी आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा गड. हाताने मोजणी सुरू असताना तिथे ५७३ टपाली मतपत्रिका सापडल्या. नाकारल्या का होत्या? मतदाराची सही संगणकात नव्हती, म्हणून. वास्तविक तिथे थांबून कागदी नोंद काढून सही ताडून पाहायला हवी होती. ते न करता मतपत्रिका बाजूला टाकल्या गेल्या.

हे उघडकीला कसं आलं तेही पाहा. लॅरी फिलिप्स हे काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष. आपल्या भागात कुणाकुणाची मतं नाकारली गेली त्याची यादी ते चाळत होते आणि त्यात त्यांना स्वतःचंच नाव दिसलं. काउंटीच्या अध्यक्षाचं मत बाद आणि त्याला पत्ता नाही! त्यांनी ती यादी चाळलीच नसती तर त्या ५७३ लोकांना आपलं मत मोजलंच गेलं नाही हे जन्मात कळलं नसतं.

पुढे आणखी काही मतपत्रिका निघाल्या आणि वादातला आकडा सातशेच्या वर गेला. पिअर्स काउंटीच्या न्यायाधीशांनी त्या मोजायला मनाई केली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबरला एकमताने ती मनाई उठवली. तोवर ग्रेग्वार फक्त १० मतांनी पुढे होत्या. त्या मतपत्रिका धरल्यावर फरक १३० झाला, शेवटी १२९.

आता मला सांगा, रिपब्लिकन मतदाराला संशय का येऊ नये? प्रत्येक वेळी मतपत्रिका सापडतात त्या विरोधकांच्या गडात, आणि त्याही आपला उमेदवार पुढे असताना.

दुर्गभ्रमर

रेडमंडकर, संशय येणं स्वाभाविक आहे. पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने आठवडाभर आधी, १४ डिसेंबरला, डेमोक्रॅटिक पक्षाचीही एक मागणी एकमताने फेटाळली होती. राज्यभर नाकारलेल्या सगळ्या मतपत्रिका पुन्हा तपासा, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने त्याला नाही म्हटलं. कार्यालयाची चूक दिसत असेल तर ती दुरुस्त करा, असं नंतर म्हटलं. हे दोन निकाल शेजारी ठेवले तर मला त्यात पक्षपात दिसत नाही. वेनाचीत ब्रिजेस यांनीही किंग काउंटीच्या कारभारावर कडक शब्दांत लिहिलं, पण कुणी जाणूनबुजून मतं घुसवली किंवा चोरली याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

आणि त्या ५७३ लोकांनी काय गुन्हा केला होता? त्यांनी वेळेत, सही करून मत पाठवलं होतं.

सुलभा_नाशिक

इथे सगळे ‘बेकायदा मतं’ म्हणताय, पण ती टाकली कुणी याबद्दल कुणीच बोलत नाही. बहुतेक मतं शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसांची होती. त्या वेळच्या वॉशिंग्टनच्या कायद्यात तुरुंगातून सुटलं की मताचा हक्क आपोआप परत मिळत नव्हता. देखरेखीचा काळ संपवायचा, न्यायालयाने लावलेला दंड आणि खर्च पै-पै चुकवायचा, मग प्रमाणपत्र मिळवायचं, तेव्हा कुठे तो हक्क. यादीत नाव आहे, घरी मतपत्रिका आली आहे, मग माणूस मत देणारच ना? आपला हक्क अजून परत आलेला नाही हे त्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसणार.

आपल्याकडे तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, बाहेर आलं की देता येतं. दंड थकला म्हणून मत गेलं असं होत नाही. मला तो नियम जास्त माणुसकीचा वाटतो. वॉशिंग्टननेही २००९मध्ये कायदा बदलला. म्हणजे २००४ला ज्यांना ‘बेकायदा’ म्हटलं त्यातले बरेच जण नव्या कायद्याने कायदेशीर मतदार ठरले असते.

चिकित्सक

सुलभाताई, त्या माणसांबद्दल माझ्या मनात काही नाही. पण निवडणूक त्या दिवशीच्या कायद्याने व्हायला हवी, पाच वर्षांनी येणाऱ्या कायद्याने नव्हे.

आणि पुरावा अगदीच नव्हता असंही नाही. रॉसींच्या वकिलांनी एक पद्धत मांडली होती. ज्या मतदान केंद्रावर बेकायदा मत पडलं त्या केंद्रात ग्रेग्वार यांना ६० टक्के मतं असतील, तर त्या बेकायदा मतांतली ६० टक्के त्यांची धरायची आणि वजा करायची. अशी मतं मुख्यतः किंग काउंटीतली, म्हणजे हिशेबाने रॉसी पुढे जात होते. तज्ज्ञ साक्षीला उभे राहिले. न्यायाधीशांनी ते नाकारलं.

वकीलबुवा

नाकारायलाच हवं होतं. केंद्राची सरासरी त्या केंद्रातल्या एका विशिष्ट माणसाचं मत सांगत नाही. शिक्षा झालेल्यांत पुरुष खूप जास्त, आणि पुरुषांचा कल रॉसींकडे जास्त होता, हे समोरच्या तज्ज्ञांनी दाखवलं. शिवाय बेकायदा मतं एकाच बाजूच्या गडात हुडकली आणि दुसरीकडे हुडकलीच नाहीत, तर हिशेब आधीच कलता होतो.

आणि ज्यांचा थेट पुरावा मिळाला त्यांचं काय झालं? डेमोक्रॅटिक वकिलांनी अशा काही मतदारांच्या शपथेवरच्या जबान्या आणल्या. चौघांनी रॉसींना मत दिल्याचं सांगितलं, एकाने लिबर्टेरियन या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवार रूथ बेनेट यांना. न्यायाधीशांनी रॉसींची चार मतं वजा केली, बेनेट यांचं एक. फरक १२९चा १३३ झाला. म्हणजे पुरावा आणणं अशक्य नव्हतं. मतदाराने स्वतः शपथेवर सांगितलं तर न्यायालयाने ते ऐकलं.

रेडमंडकर

बुवा, चार माणसं बोलली म्हणून १,६७८ जणांचं कोडं सुटत नाही.

प्रोव्हिजनल मतपत्रिकांचंच घ्या. यादीत नाव सापडत नसलं तर मतदाराला मतपत्रिका देतात, पण ती लिफाफ्यात घालून वर नाव, पत्ता, सही घ्यायची आणि तो मतदार खरा आहे का हे तपासून मगच मोजायची. त्या दिवशी काही केंद्रांवर लोकांनी ती मतपत्रिका सरळ मोजणी यंत्रात सरकवली. एकदा आत गेली की ती बाकीच्या गठ्ठ्यातलीच एक. बाहेर काढायची कशी? साक्षीला कुणाला बोलवायचं?

चूक कार्यालयाची, पुरावा नष्ट केला कार्यालयाने, आणि पुरावा नाही म्हणून हरला तो उमेदवार. हे मला आजही सलतं.

चिकित्सक

रेडमंडकरांनी माझ्यापेक्षा नेमकं मांडलं.

फेरनिवडणूक होतच नाही असंही नाही. २०१८मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार ९०५ मतांनी पुढे होता. टपाली मतांचा घोळ निघाला आणि राज्याच्या निवडणूक मंडळाने २०१९मध्ये नव्याने मतदान घ्यायला लावलं. कुठे काय कोसळलं?

दुर्गभ्रमर

तिथे पगारी माणसं घरोघर जाऊन लोकांच्या टपाली मतपत्रिका गोळा करत होती. सुनावणीत त्यांनीच ते कबूल केलं आणि शेवटी त्या उमेदवारानेही नव्या निवडणुकीची गरज मान्य केली. आखून केलेली लबाडी एकीकडे आणि ३९ काउंट्यांच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या चुका एकीकडे. लबाडी सिद्ध झाली तर माझंही म्हणणं आहे, रद्द करा.

पण ‘बेकायदा मतं फरकापेक्षा जास्त भरली की निवडणूक रद्द’ असा नियम केला तर काय होईल ते पाहा. २८ लाख मतांत शे-दोनशे चुका कुठल्याही राज्यात, कुठल्याही वर्षी निघतील. हरलेला प्रत्येक पक्ष माणसं लावून त्या शोधेल, आणि जिथे आपला प्रतिस्पर्धी भक्कम आहे तिथेच शोधेल. फेरनिवडणुकीतही फरक २०० मतांचा आला तर? तिसऱ्यांदा घ्यायची?

रॉसींनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपील केलं नाही, निकालाच्या दिवशीच थांबले. २००८ला हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि ग्रेग्वार ५३ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकल्या.

चिकित्सक

२००८च्या निकालाने २००४चं उत्तर मिळत नाही. चार वर्षं सत्तेत बसलेली व्यक्ती आणि बाहेरची व्यक्ती यांची ती लढत होती, आणि वर ओबामांची लाट.

तुमची तिसऱ्या फेरीची भीती खरी आहे, ती मानतो. म्हणून मी सरसकट नियम मागतच नाही. माझी मागणी एवढीच की चूक निवडणूक कार्यालयाची असेल आणि त्या चुकीमुळेच पुरावा नाहीसा झाला असेल, तर पुराव्याचं ओझं उमेदवारावर ठेवू नये. यंत्रात सरकवलेल्या त्या प्रोव्हिजनल मतपत्रिका ठरावीक केंद्रांवरच्या होत्या. फक्त त्या केंद्रांवर फेरमतदान का नको? आपल्याकडे आयोग एखाद्या केंद्रावर फेरमतदान घेतोच की.

वकीलबुवा

घेतो, पण बहुधा निकाल लागण्याआधी. राज्याचा निकाल काय लागतोय हे माहीत असताना आणि फरक १२९चा आहे हे ठाऊक असताना त्या मोजक्या केंद्रांवर मतदान घेतलं, तर २८ लाखांचा गव्हर्नर त्या काही हजार लोकांनी निवडल्यासारखं होईल. दोन्ही पक्षांचा सगळा पैसा आणि सगळी माणसं त्याच गल्ल्यांत उतरतील.

ओझ्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पुरावा ज्याच्या ताब्यात होता त्यानेच तो गमावला तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं, हे इतर खटल्यांत चालतं. अडचण एवढीच की इथे गमावला काउंटीने आणि शिक्षा होणार ग्रेग्वार यांना.

रेडमंडकर

त्यानंतर इथे काय बदललं तेवढं सांगतो. तेव्हा ३९ काउंट्यांच्या ३९ याद्या होत्या, २००६पासून सगळ्या राज्याची एक यादी झाली. २०११पासून सगळ्या काउंट्यांत टपालानेच मतदान होतं. आता सही जुळली नाही तर कार्यालय मतदाराला कळवतं आणि दुरुस्तीला वेळ देतं. मत स्वीकारलं की नाही हे मतदाराला घरबसल्या पाहता येतं, मीही दर वेळी पाहतो.

पण चिकित्सक, तुमच्या प्रश्नाला या सुधारणांत उत्तर नाही. उद्या पुन्हा १२९चा फरक आला आणि कार्यालयाच्या हातूनच पुरावा गेला, तर इथला कायदा आजही हरलेल्यालाच विचारेल की ती मतं कुणाला पडली ते दाखव.

चिकित्सक

तेच म्हणतोय. आणि मुंबईतही तेच विचारलं गेलं.