आईचा मणका दबलाय: साधं सिमेंट की फुग्याचं?

चोपडेकर७: आई ७२ वर्षांची. दोन आठवड्यांपूर्वी एसटीत मागच्या सीटवर बसली होती, स्पीडब्रेकरवर गाडी उडाली अन् कमरेत कळ. एमआरआयमध्ये एल-१ (कमरेचा पहिला मणका) दबलाय, फ्रॅक्चर ताजं आहे. पाय नीट हलतात. डेक्साचा (हाडांच्या घनतेची तपासणी) टी-स्कोअर उणे ३.४, म्हणजे हाडं फार ठिसूळ. कूस बदलली की ओरडते. जळगावचे डॉक्टर व्हर्टिब्रोप्लास्टी (मणक्यात सुईने साधं सिमेंट) म्हणतात, धुळ्याचे कायफोप्लास्टी (आधी फुगा, मग सिमेंट). ऐपत एक लाखाची, वर नाही.

फैजपूरचा_भाऊ: कायफोच करा. सासूबाईंचं पुण्यात केलं, अडीच लाख लागले, पण संध्याकाळी स्वतः चालत चहा प्यायला खाली आल्या.

चोपडेकर७: भाऊ, एक लाख लिहिलंय मी.

शिरपूरकर: सुई-बिई काही नको. मना बाबाले बी अशेच व्हयनं व्हतं. तीन महिना पट्टा बांधा, आते रोज वावरमा जातस.

ओटीवाली_ताई: २२ वर्षं हाडांच्या ऑपरेशन थिएटरात (ओटीत) काढली. दोन्हींत सिमेंट तेच, पीएमएमए. व्हर्टिब्रोत ते सुईतून थेट हाडात दाबतात. कायफोत आधी फुगा फुगवून पोकळी करतात, मग त्यात घट्टसर सिमेंट कमी दाबाने भरतात. म्हणून बाहेर झिरपतं कमी, उंचीही थोडी परत मिळते. दुखणं थांबण्यात फारसा फरक नाही. २००९ च्या दोन चाचण्यांत तर सिमेंट न भरता नुसती खोटी सुई टोचलेल्यांनाही व्हर्टिब्रोइतकाच आराम पडला होता. २०१६ च्या एका चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतल्या, खूप दुखणाऱ्या फ्रॅक्चरला फायदा दिसला. सिमेंट कितपत घट्ट झालं ते कळायला उरलेल्या सिमेंटची गोळी मी बोटांत धरून बसायचे. आधी कणीक, मग चटका, मग खडा. खडा झाल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही.

फैजपूरचा_भाऊ: मी तेच म्हणतोय. फुगा.

बामणोदवाला: वांगं बंद करा आधी. वातूळ.

शिरपूरकर: वांग्याने मणका दबत असता तर अख्खं खान्देश वाकलं असतं.

बामणोदवाला: आमच्याकडे येऊन बघा, वाकलेलंच आहे.

यावल_कट्टा: काकूंना सिमेंट भरलं, सहा महिन्यांत वरचा मणका बसला. हाडाचं औषध कोणी लिहूनच दिलं नव्हतं. दवाखान्याचं नाव घेत नाही.

ओटीवाली_ताई: खरी चूक तीच. सिमेंट एका मणक्याला, ठिसूळपणा सगळ्या हाडांना. हाडं बळकट करायला टेरिपॅराटाइडची रोजची सुई की झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एक सलाईन, ते विचारा. सलाईनआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) अन् व्हिटॅमिन डी तपासायला लावा.

चोपडेकर७: परवा जळगावला व्हर्टिब्रो ठरवलं. पट्टा बांधून पाहिला, दोन रात्री बसूनच काढल्या. उंचीचं आईला काही पडलेलं नाही, म्हणते संडासला आपलं आपण जाता आलं पाहिजे.

फैजपूरचा_भाऊ: पस्तावाल.

ओटीवाली_ताई: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

चोपडेकर७: आहे की! कोणी विचारलंच नाही. फोन लावतो.