प्रति : फॅमिली लायब्ररी कुठे ठेवावी?

वर सुचवलंय की रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या फॅमिली, म्हणजे दारं-खिडक्यांसारखे तयार घटक, टेम्प्लेटमध्येच (नवा प्रकल्प जिच्यावरून सुरू होतो त्या नमुना फाइलमध्ये) भरून ठेवाव्यात. मला हे पटत नाही. मग प्रत्येक नवा प्रकल्प ते सगळं ओझं घेऊनच सुरू होतो. रोज लागणारी मोजकी दारं-खिडक्या तिथे असू द्या, बाकीच्या आरएफए फाइली (एकेका फॅमिलीच्या सुट्या फाइली) सर्व्हरवर. भिंती, स्लॅब या सिस्टीम फॅमिली, म्हणजे रेव्हिटमध्येच अंगभूत असलेल्या, त्यांची वेगळी आरएफए होत नाही. त्यांच्यासाठी एक प्रोजेक्ट फाइल राखून तिथून कॉपी करायचं.

आम्हा नागपूरकरांना खिडकीचाच विचार जास्त. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून छज्जा हवा आणि बाहेर कूलरचं स्टँडही. आधी आम्ही प्रत्येक मापाची वेगळी फाइल करायचो. कोणती ताजी तेच कळेना. आता खिडकीची एकच फॅमिली आहे. छज्जा किती बाहेर काढायचा तो पॅरामीटर (हवा तसा बदलता येणारा आकडा), स्टँड दिसावं की नाही त्याला हो-नाहीचा पॅरामीटर. मापं टाइप कॅटलॉगमध्ये, म्हणजे फॅमिलीच्याच नावाची साधी टेक्स्ट फाइल, त्याच फोल्डरात. लोड करताना हवी तेवढीच मापं निवडता येतात. हे एकदा कराच, खरंच फार सुटसुटीत होतं.

फोल्डर मात्र आवृत्तीनुसार वेगळे ठेवा. नव्या रेव्हिटमध्ये सेव्ह केलेली फॅमिली जुन्यात उघडत नाही.