टायटॅनियमचं होमाज डायव्ह घड्याळ घ्यावं का? झाकण एकदा उघडलेलं आहे. मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी मालवणचा. दांडीच्या किनाऱ्यावरून पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेणाऱ्या होडीवर काम करतो. गणपतीला पुण्याहून आलेला मामेभाऊ त्याचं टायटॅनियमचं ऑटोमॅटिक डायव्ह घड्याळ (होमाज, म्हणजे नामांकित घड्याळासारखं दिसणारं, पण स्वतःच्या नावाचं) मला 12,000 रुपयांना देतोय. रविवारी तो परत जाणार, तोवर काय ते सांगायचं आहे. चार दिवस घड्याळ माझ्या हातात आहे. बरंचसं माझं मी तपासलं, पण एका ठिकाणी अडलोय.

आधी टायटॅनियमच का, ते सांगतो. माझं आधीचं घड्याळ स्टीलचं होतं. पट्ट्याच्या पिना आतून कधी गंजल्या कळलंच नाही. मे महिन्यात देवबागला नांगर ओढताना एक पिन तुटली आणि घड्याळ कर्लीच्या खाडीत गेलं. शिवाय घाम आणि खारं पाणी एकत्र झालं की मनगटावर लाल चट्टे उठायचे. डॉक्टरांनी निकेलची ॲलर्जी सांगितली. टायटॅनियमला समुद्राचं पाणी खात नाही आणि ते अंगालाही सोसतं.

दिसायला घड्याळ ट्यूडर या स्विस कंपनीच्या पेलागॉस या डायव्ह घड्याळासारखं आहे. मूळ पेलागॉस 2012 मध्ये आलं, 500 मीटर खोलीचं, पण त्या पैशात आमच्या होडीला नवं इंजिन येईल. बाबांनी लगेच विचारलं, "डुप्लिकेट मा ह्या?" तसं नाही. तबकडीवर चिनी कंपनीचं स्वतःचंच नाव आहे. दुसऱ्याचं नाव छापलेलं असतं तर मी फुकटही घातलं नसतं.

टायटॅनियम खरंच आहे का ते पाहायला वजन केलं, सोनाराच्या काट्यावर पट्ट्यासकट 104 ग्रॅम भरलं. मित्राचं एवढ्याच आकाराचं स्टीलचं 160 आलं. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण घड्याळाचं चांगलं स्टीलही चुंबकाला फारसं धरत नाही. वजनावरूनच कळतं. ग्रेड 2 (शुद्ध, जरा मऊ टायटॅनियम) की ग्रेड 5 (कडक मिश्रधातू), हे कुठे लिहिलेलं नाही. पडवीतल्या चिऱ्याला बक्कल जरासं घासलं तर करडा ओरखडा उठला, म्हणून मला ग्रेड 2 वाटतं. ओरखड्यांचं मला काही नाही.

आत सेइको (Seiko) कंपनीचं एनएच 35 हे यंत्र आहे. दिवसाला उणे 20 ते अधिक 40 सेकंदांपर्यंत फरक कंपनीलाच मान्य आहे. हे रोज सात-आठ सेकंद पुढे जातंय, म्हणजे उत्तम. बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरणारी कडी, एकाच बाजूला फिरते, टिचक्या घट्ट आहेत. मला सगळ्यात जास्त तीच लागते. गट पाण्यात उतरला की त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि वीस मिनिटं झाली की शिटी. परवा रात्री लाईट गेली तेव्हा खळ्यात बसून अंधारात चमकणारे काटे पाहिले, पहाटे चारलाही वेळ वाचता येत होती.

आता अडचण. मागे 200 मीटर लिहिलंय, आयएसओ 6425 (डायव्ह घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक) नाही. त्या मानकात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला तपासतात. मी बुडी मारली तरी पाच-सात मीटरच्या खाली जात नाही, त्यामुळे आकड्याचं मला भय नाही. भय आहे ते मागच्या झाकणाचं. घड्याळ रोज 25 सेकंद पुढे जायचं म्हणून भावाने सहा महिन्यांपूर्वी झाकण उघडून वेग नीट करून घेतला. तेव्हा गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) बदललं का, नंतर प्रेशर टेस्ट झाली का, त्याला ठाऊक नाही.

त्यात क्राउन, म्हणजे बाजूची आट्यांनी आवळायची किल्ली. आवळताना पहिला दीड फेरा लोण्यासारखा जातो, मग एकदम रवाळ लागतो. भिंगातून पाहिलं तर आट्यांत काळसर भुकटी आहे. क्राउन आणि तो ज्यावर आवळतो ती नळी दोन्ही टायटॅनियमची असतील तर आटे एकमेकांना धरून झिजतात, हे मला माहीत आहे. इथे तेच झालंय का, हे ओळखता येत नाही.

घड्याळ हातात धरून कोमट केलं आणि काचेवर बर्फाचा खडा ठेवला. आतून धुकं धरलं नाही. म्हणजे आज आत ओल नाही. पण दाबाखाली पाणी शिरेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

जाणकारांना विचारायचं ते हे: कोल्हापूर, रत्नागिरी किंवा पणजीला हवेच्या दाबाने कोरडी टेस्ट करणारं मशीन कोणाकडे आहे? गॅस्केट साधारण मापाचं बसतं की कंपनीकडूनच मागवावं लागतं? आटे साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं तर चालेल, की क्राउन नळीसकट बदलावा लागेल? आणि पट्ट्याच्या पिना याच्याही स्टीलच्याच दिसतात. खाऱ्या पाण्यात रोज वापरणाऱ्यांनी त्या किती दिवसांनी बदलल्या, तेही सांगा. एक घड्याळ खाडीत घालवून बसलोय.

टेस्ट होईपर्यंत हे पाण्यात घालणार नाही. कोल्हापूरला होत असेल तर शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतो.